मदत हवी आहे: माकडांत चाललेली एचआयव्हीची लस माणसांत अपयशी का ठरते?

प्रश्नकर्ती:
उद्या सकाळी माझे सादरीकरण आहे आणि मी याच मुद्द्यावर अडकले आहे. लसीने माकडांचे रक्षण केले, मग माणसांत तीच निरुपयोगी का ठरली? कृपया लवकर सांगावे.

सूक्ष्मदर्शी:
कोणती लस आणि माकडांना कोणता विषाणू दिला होता, हे आपण लिहिलेलेच नाही. एचआयव्ही-१ ऱ्हीसस माकडांत तग धरत नाही, कारण त्यांच्या पेशींतले ट्रिम-५ अल्फा हे प्रथिन त्याला आरंभीच अडवते. म्हणून माकडांत आढळणारा एचआयव्हीचा नातलग विषाणू एसआयव्ही, किंवा त्याला एचआयव्हीचे आवरण चढवलेला संकरित एसएचआयव्ही वापरावा लागतो.

प्रश्नकर्ती:
अ‍ॅडेनोव्हायरस-५ वाहकाची (म्हणजे सर्दीचा हा विषाणू एचआयव्हीची जनुके पेशींत पोहोचवतो), जिची माणसांतली चाचणी २००७ मध्ये थांबवली ती. विषाणूचे नाव गौण वाटले होते.

सूक्ष्मदर्शी:
सगळे तिथेच आहे. या लसीच्या प्रयोगात माकडांना दिलेला एसएचआयव्ही-८९.६पी त्यांना झपाट्याने आजारी पाडतो, तरी लसीला तो आवरणे तुलनेने सोपे जाते. शिवाय त्या माकडांना संसर्ग झालाच होता, फक्त रक्तातला विषाणू कमी राहिला, त्यामुळे ‘रक्षण’ हा शब्द कृपया बदला. एसआयव्हीमॅक२३९ या एसआयव्हीच्या वाणापुढे त्याच धर्तीची लस फिकी पडली होती.

गोपाळ:
माकडांचा नाद सोडून गाईंकडे पाहावे, असे मी नेहमी सांगतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात गाईंनी एचआयव्हीच्या अनेक वाणांना निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे काही आठवड्यांतच तयार केली.

सूक्ष्मदर्शी:
गाईंच्या प्रतिपिंडांना असणारी, विषाणूला चिकटणारी अतिलांब वळी माणसात सहसा घडत नाही, आणि प्रश्न तो नव्हता.

करुणा:
चिंपांझींना एचआयव्हीचा संसर्ग होतो, पण ते क्वचितच आजारी पडतात; इतकी वर्षे त्यांना कोंडून ठेवले याचे मला अतिशय वाईट वाटते.

शंकासुर:
केवळ विषाणूच्या निवडीवर खापर फोडणे मला पटत नाही. अ‍ॅडेनोव्हायरस-२६ च्या लसीची परीक्षा तुलनेने चिवट एसएचआयव्हीने, तीही एकाच मोठ्या मात्रेऐवजी सहा वेळा संसर्ग देऊन घेतली गेली आणि १२ पैकी ८ माकडे संसर्गापासून वाचली. तरीही आफ्रिकेच्या दक्षिण भागातील स्त्रियांवरील चाचणीत २०२१ मध्ये ती पुरेसे संरक्षण देऊ शकली नाही. प्रयोगशाळेत ठरावीक एकच वाण असतो, माणसाला मात्र असंख्य वाणांपैकी कोणताही गाठतो.

प्रश्नकर्ती:
‘रक्षण’ काढून ‘रक्तातील विषाणूचे प्रमाण घटले’ असे लिहिले आहे. शंकासुर, ती १२ माकडे आणि एसएचआयव्ही-८९.६पीची माकडे एकाच तक्त्यात दाखवली तर चालेल का?

शंकासुर:
नाही, कारण एका ठिकाणी संसर्ग टळला का हे मोजले होते आणि दुसऱ्या ठिकाणी संसर्गानंतर विषाणू किती उरला हे.