प्रति: डोस विसरणं म्हणजे निष्काळजीपणा?
दहा वर्षांचं पोर इन्सुलिन घेतलं की नाही हेच विसरतं म्हणजे शुद्ध निष्काळजीपणा, असं वर म्हटलंय ते नाही पटलं. रक्तातली शुगर ७०च्या (mg/dL) खाली फार घसरली की मेंदूलाच ग्लुकोज कमी पडतं, मग आत्ता केलेलंही कधीकधी डोक्यात राहत नाही. आमचा लेक (टाइप १ मधुमेह) क्रिकेट खेळून आला, न तपासताच इन्सुलिन टोचलं आणि पाच मिनिटांत "आई, मी घेतलं का गं?", मीटरवर बघते तर शुगर ५८! आधी ग्लुकोज पाजलं, मग जेवण. तेव्हा ओरडले असते तर पुढच्या वेळी न विचारताच दुसरा डोस मारला असता ना. आता सकाळी इन्सुलिनच्या पेनला तीन रबरबँड, डोस झाला की एक काढून कंपासपेटीत. कधीकधी रबरबँडने वर्गात नेमबाजी होते ते वेगळं.