हायडेलबर्गचा किल्ला: एक वाडा पूर्ण, दुसरा बिनछपराचा. असं का?

खंदकाकाठचा, बेळगाव
जर्मनीतल्या हायडेलबर्ग किल्ल्याच्या चौकात फ्रीडरिश वाडा छपरासकट उभा आहे. कोपऱ्यापलीकडच्या ओटहाइनरिश वाड्याच्या वरच्या खिडक्यांतून मात्र आभाळ दिसतं. दगड दोन्हींचा लाल वालुकाश्मच. पैसे संपले, की मुद्दाम तसं ठेवलं? आणि फुटक्या बुरुजाचा तुकडा खंदकातच का?

दरजा_चुना
मुद्दामच ठेवलंय. ओटहाइनरिशचं काम 1556 ला सुरू झालं, फ्रीडरिशचं 1601 ते 1607. फ्रेंच फौजांनी 1689 आणि 1693 ला किल्ला उद्ध्वस्त केला, 1764 ला वीज पडून आग लागली. मग लोक बांधकामाला इथले दगड नेऊ लागले. ते थांबवायला 1810 पासून शार्ल द ग्रँबेर हा फ्रेंच उमराव झटला.

1897 ते 1900 मध्ये वास्तुविशारद कार्ल शेफर यांनी फ्रीडरिश वाडा दुरुस्त केला. आतली सजावट बघताना हे लक्षात ठेवा, ती त्याच काळातली आहे. पुढे ओटहाइनरिशवर छप्पर घालायचं ठरू लागलं, तेव्हा 1901 ला कला-इतिहासकार गेओर्ग डेहिओंनी कडाडून विरोध केला: आहे ते जपा, नवं घडवू नका. मूळ छपराच्या दर्शनी त्रिकोणी भिंती कशा होत्या यावरच वाद होता, म्हणजे अंदाजानेच बांधावं लागलं असतं. माझ्या मते डेहिओ बरोबर होते. तळमजल्यावर छत आहे, तिथे औषधालयाचं संग्रहालय आहे.

जांभा
बुरुजाचं: 1693 ला सुरुंग लावला, भिंत साडेसहा मीटर जाड. चुरा न होता अख्खा तुकडा सुटून घसरला. चुन्याने दगड किती एकजीव होतात ते तिथे दिसतं की!

खंदकाकाठचा, बेळगाव
मग उघड्या भिंती पावसात टिकतात कशा? आपल्याकडच्या जांभ्याच्या तटालाही तेच लागू का?

दरजा_चुना
पाणी आधी माथ्यावरून शिरतं, म्हणून माथ्याला उतार द्या, खळगा ठेवू नका. दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, रुंदीच्या निदान दुप्पट खोल उकरा, धुवा, भिजवलेला चुना 1 भाग आणि चाळलेली वाळू 3 भाग असा माल थराथराने दाबून भरा. आठवडाभर ओली पोती लावा. आपल्याकडे हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका, जूनच्या आत चुना घट्ट व्हायला हवा.

सिमेंट नको. दरज बंद झाली की ओल दगडातूनच बाहेर पडते, क्षार पृष्ठभागाखाली साठतात आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. वालुकाश्म काय, सच्छिद्र जांभा काय, दोन्हींचं तेच.

जांभा
पिंपळ उगवला असेल तर ओढून काढू नका, दगडही निघून येतो. बुंधा कापा, मुळं मारा, वाळल्यावर काढून ती पोकळी चुन्याने भरा.