ईएआर (जावा अ‍ॅपचं सर्व्हरवर टाकायचं गाठोडं) चढवताना घामटा निघालाय का? आपापले अनुभव लिहा

रात्रपाळी
टीममधल्या नव्या पोरीनं आज विचारलं, "सर, ही इअर फाइल म्हणजे कानाशी काही संबंध?" हसलो खरा, पण २००७ ची एक रात्र आठवली. बँकेचा प्रोजेक्ट. एक्लिप्समध्ये (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) राइट क्लिक, एक्सपोर्ट, ईएआर, फिनिश. माझ्या मशीनवर झकास. सर्व्हरवर टाकली आणि 'नो सच मेथड एरर'. कोड तोच, मेथड डोळ्यांसमोर दिसतेय, आणि सर्व्हर म्हणतो नाहीच. पहाटे चारला ईएआर उघडली (शेवटी ती झिपच). आतली वॉर (वेब भागाचं गाठोडं) उघडली. लिब फोल्डरमध्ये एकाच लायब्ररीच्या दोन जार (तयार कोडच्या फाइली), जुनी नि नवी शेजारीशेजारी. माझ्याकडे नवी आधी लागायची, तिकडे जुनी. जुनी उडवली, चाललं. तुमचं सांगा.

जास्वंद
तुमच्याकडे दोन तरी होत्या, आमच्याकडे एकही नव्हती 😄 बिल्ड पाथला (कंपाइल करताना लागणाऱ्या जारची यादी) जार जोडली की एक्लिप्स खूश, पण ती वॉरमध्ये जातेच असं नाही. डिप्लॉयमेंट असेंब्लीत (वॉरमध्ये काय जाणार ती यादी) वेगळी सांगावी लागते. हे कळायला मला दोन दिवस लागले. कुकर झाला, येते.

कोकणी_बाबू
मेजर व्हर्जन ५२. ज्याला कळलं त्याला कळलं.

नवशिका
@कोकणी_बाबू मला नाही कळलं

कोकणी_बाबू
लॅपटॉपवर जावा ८, सर्व्हरवर ७. ५२ म्हणजे ८ वर कंपाइल केलेलं, ७ ला ५१ च्या पुढचं वाचता येत नाही. क्लायंटसमोर डेमोला झालं माझं.

मिसेस_जावा
मी यातली नाही, नवरा आहे. लक्ष्मीपूजनाला ताम्हन हातात आणि कानाला फोन. आमचा मुलगा तीन वर्षांचा असताना 'रोलबॅक कर' (जुनी आवृत्ती परत लाव) स्पष्ट म्हणायचा, 'आजी' नंतर शिकला.

जास्वंद
😂😂 सासूबाई काय म्हणाल्या?

मिसेस_जावा
त्यांना वाटलं एखादा खेळ आहे.

टपरीवर
पर्मजेनचा (जावाची क्लासेससाठीची ठरावीक मेमरी) विषय कोणी काढलाच नाही? जेएसपीत (वेबपेजची फाइल) एक ओळ बदलायची, आयडीईतून (एक्लिप्ससारखं सॉफ्टवेअर) रीडिप्लॉय म्हणजे पुन्हा चढवायचं, चार-पाचदा केलं की सर्व्हर आडवा. जुन्या अ‍ॅपचा क्लासलोडर (क्लासेस मेमरीत आणणारा) मेमरीतून जायचाच नाही, कुठला तरी थ्रेड त्याला धरून बसलेला. मग रीस्टार्ट, तोवर खाली चहा. जावा ८ मध्ये पर्मजेन जाऊन मेटास्पेस आलं. मेमरीची गळती आहेच, आता उशिरा कळते आणि चहाही गेला.

अण्णा_७१
फाइलच्या नावात एच कॅपिटल, इन्क्लूडमध्ये (ती फाइल बोलावणाऱ्या ओळीत) स्मॉल. विंडोजनं वर्षभर चालवून घेतलं, लिनक्स म्हणे अशी फाइलच नाही. एवढंच.

पुणे_टू_पर्थ
मागच्या वर्षी टॉमकॅट (जावाचा वेब सर्व्हर) ९ वरून १०. आयडीईत एक लाल रेघ नाही, वॉर चढली, आणि प्रत्येक सर्व्हलेटला (वेब विनंतीला उत्तर देणारा जावा कोड) ४०४, म्हणजे 'सापडत नाही'. पॅकेजच्या नावात जावाएक्सचं जकार्ता झालंय हे पॉममध्ये (लागणाऱ्या लायब्रऱ्यांची यादी) कोणी बदललंच नव्हतं. बाय द वे, हिंजवडीत रात्री अंडाभुर्जीची गाडी लागायची ती आहे का अजून?

टपरीवर
फेज वनची? जास्त तिखटवाली?

पुणे_टू_पर्थ
हो हो तीच. अर्धे रिलीज तिच्यावर झालेत.

नवशिका
@रात्रपाळी पण ती जुनी जार टाकली कोणी होती?

रात्रपाळी
मीच. भुर्जीचं काय झालं, सांगा कोणीतरी.