पॅनोरमिक म्हणजे ‘विहंगम’ का? आणि लार्ज फॉरमॅटला मराठीत काय म्हणावं?

भद्रकालीकर
जुन्या नाशकातल्या एका वाड्याच्या नोंदी मराठीत लिहितोय. वाडा लवकरच उतरवणार आहेत, म्हणून फिल्मवरही फोटो हवेत. मित्राकडे दोन कॅमेरे आहेत, सहा-सतराचा (फिल्मवरची चौकट ६ × १७ सेंटिमीटर) पॅनोरमिक आणि चार-पाचचा (४ × ५ इंच फिल्मचा) लार्ज फॉरमॅट. कुठला नेऊ ते ठरत नाही आणि नोंदीत त्यांना काय म्हणू तेही. ‘विहंगम कॅमेरा’ आणि ‘बृहदाकार कॅमेरा’ चालेल का?

शब्दसखी
‘विहंगम’ नको. विहंग म्हणजे पक्षी. विहंगम दृश्य वरून दिसतं, पांडवलेणीच्या पायऱ्या चढून मागे वळल्यावर शहर दिसतं तसं. पॅनोरमा हा शब्द ग्रीक ‘पॅन’ (सगळं) आणि ‘होरामा’ (दृश्य) यांपासून घडवलेला. अठराव्या शतकाच्या शेवटी रॉबर्ट बार्कर या चित्रकाराच्या गोलाकार चित्रांसाठी तो रूढ झाला. बघणारा मध्ये उभा आणि चित्र त्याच्या चहूबाजूंनी. उंचीचा संबंधच नाही.

‘बृहदाकार’ही फसवा आहे. फॉरमॅट फिल्मचा असतो, कॅमेऱ्याचा नाही. ‘मोठ्या फिल्मचा कॅमेरा’ म्हणा.

गवंड्याचा मुलगा
‘भात्याचा कॅमेरा’ म्हटलं तरी चालेल. लोहाराचा भाता, पेटीचा भाता, तसाच भिंग आणि फिल्म यांच्यामधला हा घडीचा भाता.

पण दादा, कुठला न्यायचा हे ओळंबा आणि पाणसळ या दोन शब्दांवरून ठरवा. माझे वडील गवंडी होते. भिंत उभी सरळ आहे का ते ओळंबा सांगतो, थर आडवा सरळ आहे का ते पाणसळ. वाड्याच्या फोटोत दोन्ही सांभाळावं लागतं.

तुमच्या बोळात मागे सरायला जागा नसणार. माडीचा सज्जा यावा म्हणून कॅमेरा वर उचलला की भिंती वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात, वाडा मागे रेलल्यासारखा दिसतो. ओळंबा गेला. भात्याच्या कॅमेऱ्यात मागची चौकट ताठ उभी ठेवायची आणि पुढचं भिंग नुसतं वर सरकवायचं. भिंगाचं प्रकाशवर्तुळ, म्हणजे भिंग मागे पाडतं ते गोल चित्र, फिल्मपेक्षा बरंच मोठं असेल तर सज्जा चौकटीत येतो आणि खांब उभेच राहतात. काळ्या कापडाखाली दुधी काचेवर चित्र उलटं दिसतं, पण खांब काचेवरच्या रेघांशी जुळवून बघता येतात. ‘राइज, टिल्ट, स्विंग’साठी नवे शब्द घडवू नका. वर सरकवणे, कलवणे, वळवणे ही क्रियापदं आहेतच.

आता पॅनोरमिक. इथे एका शब्दाखाली दोन वेगळी यंत्रं दडलेली आहेत. विडेलक्स किंवा होरायझन या कॅमेऱ्यांत भिंग फिरतं आणि फिल्म वाकलेल्या पाठीवर बसते. कॅमेरा सपाट धरला तर खांब सरळ येतात, पण समोरच्या लांब तुळईला बाक येतो. पाणसळ बिघडते. तुमच्या मित्राचा सहा-सतरा लिनहॉफ टेक्नोरामा किंवा फुजी जीएक्स ६१७ असेल तर भिंग स्थिर आणि फिल्म सपाट, त्यामुळे सरळ रेघ सरळच राहते. अडचण एवढीच की भिंग वर सरकवायची सोय त्यात नाही. सपाट धरला तर खाली बोळाची फरशी भरपूर आणि सज्जा कापलेला.

शब्दसखी
मग नावंही दोन हवीत. एक ‘फिरत्या भिंगाचा’, दुसरा ‘लांबपट्टीचा’. सहा-सतराच्या चौकटीची लांबी उंचीच्या जवळजवळ तिप्पट, म्हणजे पट्टीच ती. ‘चहूबाजूंचा’ म्हणणं तिथे खोटं ठरेल.

भद्रकालीकर
ताई, दादा, दोघांचे आभार. मित्राला विचारलं, लांबपट्टीचाच आहे. वाड्याचं दर्शनी तोंड, दिंडी दरवाजा आणि चौक भात्याच्या कॅमेऱ्यावर काढतो. लांबपट्टीचा गोदाकाठी नेईन. पलीकडच्या तीरावरून नारोशंकराचं देऊळ आणि पुढचे घाट एका चौकटीत धरायला उंची लागत नाही, लांबी लागते.

एक शब्द अजून अडलाय. सहा-सतराला ‘१२०’ मापाच्या फिल्मची गुंडाळी लागते, तिच्यावर चार फोटो येतात. चार-पाचला प्रत्येक फोटोला वेगळी शीट. तिला ‘पत्रा’ म्हणवत नाही.

गवंड्याचा मुलगा
कागदाचा ताव म्हणतो ना आपण? ‘फिल्मचा ताव’ लिहा. एक ताव, एक फोटो.