नुसतं नाव नको, कुठून सुरू करायचं तेही सांगा

ए-१०३ : मंडळी, मुलांना सुट्टी लागली. कोण कुठलं पुस्तक वाचतंय, कुणाला काय सुचवाल, ते आपल्या सोसायटीच्या या ग्रुपवर टाका. एक विनंती आहे. मुखपृष्ठाचा फोटो आणि खाली ‘अप्रतिम, नक्की वाचा’ एवढ्यावरून कुणालाच काही ठरवता येत नाही. पुस्तक कुणाला जमेल, केवढं आहे, कुठे अडायला होतं आणि विकत घेताना काय बघायचं, तेवढं लिहा.

बी-२०४ : मग मीच विचारते. शाळा सुटल्यापासून मराठी पुस्तक हातात न घेतलेल्या माणसाला काय द्यावं? घरात ‘कोसला’ आणलंय, पण दहा पानांपुढे गाडी जात नाहीये.

सी-५०१ : ताई, सुरुवातीलाच ‘कोसला’ नको. १९६३ची ही कादंबरी वाचायलाच हवी, पण दोनतीन पुस्तकांनंतर. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर सरळ गोष्ट सांगत नाही. ‘वगैरे’, ‘उदाहरणार्थ’ घालून वाक्य मोडत जातो, मध्येच डायरी लिहायला लागतो. त्याआधीच्या मराठी कादंबरीची सजवलेली भाषा ज्याच्या कानात आहे, त्याला या मोडतोडीतली गंमत कळते. नव्या वाचकाचा नुसता गोंधळ उडतो आणि त्याला वाटतं, आपल्यालाच मराठी येत नाही.
आधी ‘बनगरवाडी’ द्या. व्यंकटेश माडगूळकर, १९५५. दीडशे पानांच्या आतलं पुस्तक. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीत आलेला तरुण मास्तर, तिथला म्हातारा कारभारी, गावाने मिळून तालीम बांधायची खटपट. निवेदन सोप्या प्रमाण मराठीत आहे आणि बोली आहे ती संवादांत. बोलीतला शब्द अडला तर तिथेच थांबू नये, ते वाक्य मोठ्याने म्हणून बघावं. निम्मे शब्द कानाने कळतात.

डी-३०२ : दादा, पुस्तक थोर आहे, पण शहरात वाढलेल्या माणसाला त्याची संथ चाल पहिल्या फटक्यात जड जाते. अशा वाचकाला मी ‘रणांगण’ देईन. विश्राम बेडेकर, १९३९. तेही छोटंसंच. युरोपातून निघालेलं जहाज, दुसरं महायुद्ध तोंडावर, जर्मनीतून बाहेर पडलेले ज्यू प्रवासी आणि त्यांच्यात भारतात परतणारा चक्रधर. सगळं त्या प्रवासातच घडतं, त्यामुळे धागा सुटत नाही. अडतं ते सुरुवातीला, कारण प्रवाशांची परदेशी नावं एकदम अंगावर येतात. कागदावर पाचसहा नावं आणि कोण कुणाचं ते टिपून ठेवायचं, पुढे अडचण येत नाही. शेवटी नायिकेची, हॅर्टाची पत्रं आहेत, ती घाईत वाचू नका. आणि प्रस्तावना असलेली प्रत मिळाली तर प्रस्तावना नंतर वाचा. आपल्याकडच्या प्रस्तावना शेवट सांगून टाकतात.

सी-५०१ : प्रस्तावनेचं शंभर टक्के मान्य. ‘रणांगण’ आधी, हेही मान्य, वाचक शहरातला असेल तर.

बी-२०४ : दोन्ही लिहून घेतली. सासूबाईंसाठी? वय ७६, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, बारीक टाइप वाचवत नाही. धार्मिक सोडून काहीतरी हवंय.

ए-४०१ : काकूंना ‘स्मृतिचित्रे’ द्या, आणि रोज कुणीतरी वाचून दाखवा. लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत आलं. लक्ष्मीबाई बोलल्यासारखं लिहितात, म्हणून ते डोळ्यांपेक्षा कानाला जास्त गोड लागतं. प्रसंग छोटे आहेत, वीस मिनिटांत एकदोन होतात आणि मध्ये दोन दिवस खंड पडला तरी बिघडत नाही. सुरुवातीला त्यांच्या वडिलांच्या अतिरेकी सोवळ्याचे प्रसंग आहेत. तिथे काकू हसतीलही आणि हळहळतीलही. पुढे त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक ख्रिस्ती होतात, त्यानंतरची ताटातूट येते. तो भाग एका बैठकीत आटपू नका.
घेताना पहिलं पान बघा. बाजारात संपूर्ण आणि संक्षिप्त अशा दोन्ही आवृत्त्या असतात. ‘संक्षिप्त’ हा शब्द कधीकधी फक्त आतल्या पानावर असतो, मुखपृष्ठावर नसतो.

ई-१०२ : स्वतः वाचायचं असेल तर ई-बुकमध्ये अक्षर मोठं करता येतं. मात्र घेण्याआधी मोफत नमुना उतरवून अक्षर मोठं करून बघा. अक्षर मोठं झालं आणि ओळी आपोआप नव्याने जुळल्या, तरच घ्या. पान नुसतं ताणलं जात असेल तर ती स्कॅन केलेली प्रत आहे. प्रत्येक ओळीला पान डावीउजवीकडे सरकवावं लागतं आणि वयस्क माणूस दोन दिवसांत कंटाळतो. ऑडिओबुक घेतलंत तर पाच मिनिटांचा नमुना आजींनाच ऐकवा. आवाज त्यांना आवडायला हवा, आपल्याला नाही.

बी-६०३ : मुलांचं बोला कुणीतरी. मुलगी ११ वर्षांची, इंग्रजी माध्यम. मराठी बोलते छान, वाचायला बसली की दमते.

ए-४०१ : दमते कारण ती अक्षर लावत वाचते. जोडाक्षरांवर वेग तुटतो आणि वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरते. जाड पुस्तक हातात दिलं की हमखास सोडून देणार. माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेलं ‘वाचू आनंदे’ आणा, बालगट आणि कुमारगट असे भाग आहेत. वय कुमारगटाचं असलं तरी सुरुवात बालगटापासून करा. छोटे उतारे, कविता आणि सोबत उत्तम चित्रं आहेत. एक परिच्छेद तुम्ही, एक तिने, असं पंधरा मिनिटं. चुकली की लगेच दुरुस्त करू नका, वाक्य पूर्ण होऊ द्या.
वेग आला की ‘फास्टर फेणे’. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बन्या. कुठलंही पुस्तक आधी घेतलं तरी चालतं.

सी-५०१ : पण प्रकाश नारायण संतांच्या लंपनच्या पुस्तकांत क्रम मोडू नका. ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’. लंपन वाढत जातो आणि ‘झुंबर’ आधी वाचलं तर त्यातलं दुःख पोचतच नाही. ही पुस्तकं मुलाविषयीची असली तरी मी ती तेराचौदाच्या पुढेच देईन. भाषेला बेळगावकडचा कानडी हेल आहे, आणि खरं तर मोठ्यांनाच ती जास्त भिडतात.

डी-७०१ : यातल्या बऱ्याच पुस्तकांच्या पीडीएफ आहेत माझ्याकडे. टाकू का ग्रुपवर?

ई-१०२ : दादा, नको. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतरचं वर्ष धरून ६० वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, म्हणून ‘श्यामची आई’ २०११पासून मुक्त आहे. लक्ष्मीबाई तर १९३६मध्येच गेल्या. बेडेकर, माडगूळकर, संत यांची पुस्तकं मात्र अजून हक्कात आहेत. मराठी पुस्तकाची आवृत्ती मुळात छोटी असते. पन्नास घरांत पीडीएफ फिरली तर पुढची आवृत्ती काढायला प्रकाशकाकडे कारणच उरत नाही.
फुकट आणि रीतसर हवं असेल तर बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१पासूनचे जुने अंक ऑनलाइन वाचता येतात. राज्य सरकारच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावरही बरीच पुस्तकं आहेत.

डी-७०१ : बरोबर आहे, नाही टाकत. ‘श्यामची आई’ पाचसहा प्रकाशकांची दिसते. कुठली घ्यावी?

ई-१०२ : हक्क मुक्त झाल्यामुळेच इतक्या निघाल्या. अनुक्रमणिका बघा. ४२ रात्री असायला हव्यात, कमी असतील तर कापलेली आहे. मग मधलं कुठलंही पान उघडून दहा ओळी वाचा. ऱ्हस्वदीर्घाच्या दोनतीन चुका दिसल्या तर ठेवून द्या. लहान मूल तेच वाचून शिकणार असतं.

ए-१०३ : जुनी पुस्तकं घेणाऱ्यांसाठी माझीही एक भर. पुस्तक बहुधा १६ पानांच्या फर्म्यांनी, म्हणजे घडी घातलेल्या पानांच्या जुडग्यांनी, बांधलेलं असतं. बांधणीत चूक झाली की एक फर्मा गळतो किंवा दोनदा येतो. म्हणून सगळी पानं चाळत बसू नका. १६-१७, ३२-३३, ४८-४९ असे सांधे तपासा. नव्या पुस्तकात असं निघालं तर पावतीसह परत न्या, दुकानदार बदलून देतो.

बी-६०३ : ‘वाचू आनंदे’ कुणाकडे आहे का? विकत घेण्याआधी बघायचंय.

ए-४०१ : माझ्याकडे बालगटाचा एक भाग आहे. संध्याकाळी सातनंतर न्या, पण पिशवीत. कोपरे आधीच वाकलेत. आणि दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ परत आलंय, ते कुणाला हवं असेल तर सांगा. बारा महिन्यांवरचे लेख आहेत. सलग वाचलं तर वर्णनं एकमेकांत मिसळतात. पंचांगात जो महिना चालू असेल तो काढायचा आणि तेवढाच वाचायचा.

डी-३०२ : ‘ऋतुचक्र’ मला ठेवा काकू. वैशाख काढते आधी.