मदत हवी आहे: स्प्लिट एसीचं आउटडोअर हुंकारतं आणि टक् करून बंद पडतं

दीड टनी नॉन-इन्व्हर्टर स्प्लिट. पंखा फिरतो, पण कॉम्प्रेसर पाच-सहा सेकंद 'हूंऽऽ' करतो, टक् आवाज येतो (ओव्हरलोड ट्रिप, म्हणजे जास्त करंटमुळे संरक्षक स्विच तुटतो) आणि गप्प. काही मिनिटांनी पुन्हा तेच. आता मेन बंद ठेवलाय; असं चालवत राहिलं तर वाइंडिंग (कॉम्प्रेसरच्या मोटरची गुंडाळी) जळायचं.

कपॅसिटर (मोटर सुरू व्हायला मदत करणारा भाग) ५० मायक्रोफॅरडचा, मोजला तर ३८. नवा ४४० व्होल्टचा बसवला, तरी फरक नाही. (जुना काढताना आधी डिस्चार्ज करा, झटका जबर बसतो.) वाइंडिंगच्या तीन टोकांमधला रोध: कॉमन-रन १.८, कॉमन-स्टार्ट ३.२, रन-स्टार्ट ५.० ओहम. बेरीज जुळते, वाइंडिंग बॉडीला शॉर्ट नाही. सुरू होताना क्लॅम्प मीटरवर (वायरभोवती धरून करंट मोजायचा मीटर) ३८ अँपिअर.

खटकतंय ते व्होल्टेज. कॉम्प्रेसर सुरू होताना एमसीबीवर (मेन लाइनच्या ब्रेकर स्विचवर) २२४चे २१० होतात, पण आउटडोअरच्या टर्मिनलवर थेट १८८! मधली वायर १.५ चौरस मिमी, १८ मीटर, एक जोड.

आधी ४ चौरस मिमीची सलग वायर टाकावी, की रोटर (मोटरचा फिरणारा भाग) जाम धरून हार्ड स्टार्ट किट (सुरुवातीला जादा जोर देणारा कपॅसिटर-रिले संच) लावून बघावं? गॅसचा दाब समान व्हायला पाच मिनिटं थांबूनही पाहिलंय.