मदत हवी आहे : विड्या वळून बोटांचे ठसे झिजलेत, रेशनची ई-केवायसी होत नाही

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. सासूबाई ७१ वर्षांच्या, चाळीस वर्षं विड्या वळल्या. दहाही बोटं गुळगुळीत झालीत. रेशन दुकानातल्या पॉस मशीनवर एकही ठसा उमटत नाही. कार्ड प्राधान्य कुटुंबाचं आहे, बाकी सगळ्यांची ई-केवायसी झाली. फक्त त्यांचीच राहिली आणि आता त्यांचं महिन्याचं ५ किलो धान्य थांबलंय.

काय काय केलं ते सांगते. आधार केंद्रात बायोमेट्रिक अपडेट दोनदा केलं. मोबाईल नंबरही जोडून घेतला, त्यामुळे ओटीपी येतो. 'मेरा ई-केवायसी' अ‍ॅपवर चेहरा दाखवला, तर पडताळणी अर्ध्यातच अडकते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. बुबुळावरून ओळख पटवणारं मशीन दुकानात नाही. कार्यालयात गेलो तर "पुन्हा प्रयत्न करा" एवढंच तोंडी उत्तर मिळालं. आमच्या गल्लीत अशा आणखी तीन-चार बायका आहेत, म्हणून हे नीट समजून घ्यायचंय.

ठसा जुळत नाही म्हणून धान्य नाकारू नये, अशी केंद्राची ऑक्टोबर २०१७ ची सूचना आहे. पण दुकानदार म्हणतो, मशीनमध्ये तशी सोयच नाही.

एजंट सुचवू नका, कृपया. ई-केवायसीतून सूट किंवा पर्यायी पडताळणी मिळवायला लेखी अर्ज नेमका कोणाकडे द्यायचा, सोबत डॉक्टरांचा दाखला लागतो का, आणि थांबलेल्या महिन्यांचं धान्य परत मिळालेलं कोणी आहे का?